पहिले आठ दिवस सोडून दे

अगं छोटे, आधी जरा निवांत बस. मुलं सकाळी साडेनऊपर्यंत लोळतात, दुपारी एकमेकांच्या उरावर बसतात, रात्री अकराला त्यांना भूक लागते आणि तू ऑफिसातून दमून आलीस की घर अंगावर येतं, हे सगळं काल तू एका दमात सांगितलंस. माझं म्हणणं ऐक. सुट्टीचे पहिले आठ दिवस असेच जातात, सगळ्यांकडे जातात. मुलं लाडावली, मोबाइलनं वाट लावली, आपलंच कुठंतरी चुकलं, असले निष्कर्ष या आठवड्यात काढूच नकोस.

जरा त्यांच्या बाजूनं बघ. जूनपासून दोघांचा दिवस घंटेवर चालला. कधी उठायचं, कधी डबा उघडायचा, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवत होतं. त्यात एप्रिलच्या उन्हात परीक्षा. मग 1 मेला निकाल हातात पडतो आणि दुसऱ्या दिवशी एकदम काहीच नाही. घंटा नाही, व्हॅन नाही, आणि मुख्य म्हणजे रोज शेजारी बसणारा मित्र नाही. तो गावाला गेलेला असतो. थोरला दोन दिवस उगाच धुसफुसत होता म्हणालीस ना? मला वाटतं त्याला मित्राची आठवण येत असावी. अकरा वर्षांचा मुलगा तोंडानं तसं म्हणणार नाही. तू विचारून बघ, आणि त्या मित्राच्या आईचा नंबर असेल तर आठवड्यातून एकदा दोघांना फोनवर बोलू दे.

म्हणून सांगते, पहिले आठ दिवस झोप काढू दे, लोळू दे, नुसतं छताकडे बघत पडू दे. त्या आठ दिवसांत फक्त एक काम करून घे, ते म्हणजे वर्ष नीट बंद करणं. दोघांची दप्तरं हॉलमध्ये उलटी कर. पेन्सिलींचे तुकडे, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, फेब्रुवारीत हरवलेली डब्याची झाकणं, सगळं निघेल. वह्यांमधली कोरी पानं काढून दोऱ्यानं शिवायची, सुट्टीभराची कच्ची वही होते. आई आपल्या वह्या अशाच शिवायची. चांगल्या स्थितीतली पुस्तकं खालच्या वर्गातल्या कुणाला द्यायची, आणि द्यायला मुलांनाच पाठवायचं. मग दप्तरं भिजवून, ब्रशनं घासून वाळत घालायची. धाकटीला ब्रश दे, तिला पाण्यात हात घालायला मिळाला की ती खूष. दप्तर गच्चीत वाळताना दिसलं की मुलांच्या मनात शाळा खरंच संपते. त्याआधी ती संपलेली नसते, हे मी आमच्या घरात बघितलंय.

आता नवव्या दिवसापासून काय. तू म्हणतेस तसं मोठं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवू नकोस. चौथ्या दिवशी ते मोडतं, मग तू चिडतेस. दिवसाला तीन खुंट्या ठोक आणि त्यांच्या मधली दोरी सैल सोड. सकाळचं उठणं, दुपारचं जेवण, रात्रीचे दिवे. एवढ्या तीन वेळा जागच्या हलल्या नाहीत की बाकीचा दिवस कसाही गेला तरी घर उभं राहतं.

उठण्याची वेळ शाळेपेक्षा तासभर उशिरा ठेव, त्याहून जास्त नाही. मे महिन्यात बाहेर पडण्याजोगी वेळ सकाळचीच असते. साडेनऊनंतर ऊन तापायला लागतं, आणि बारा ते तीन तर मुलांना उन्हात सोडायचंच नाही. जो साडेनऊला उठला त्याची सायकल गेली, मैदान गेलं, मग राहतो पंख्याखालचा मोबाइल. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर येते, शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. म्हणजे रात्री अकरानंतरचा गोंधळ मिटवायचा असेल तर सुरुवात सकाळी करायची. रात्री दामटून झोपवून काही होत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाची 9 ते 12 तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात. सात वाजता उठायचं तर धाकटीचे दिवे नऊच्या सुमाराला मालवायला हवेत, थोरल्याला साडेनऊपर्यंत मुभा दे. मुंबई-ठाण्याच्या दमट उकाड्यात झोप लागत नाही हे खरं. झोपायच्या आधी अंगावर दोन तांबे पाणी घेऊ दे, सुती चादर घाल, आणि गच्चीची किल्ली सोसायटीकडून मिळत असेल तर जेवणानंतर अर्धा तास सगळे वर जा.

दुपारच्या जेवणाची खुंटी तुझ्या सासूबाईंसाठी आहे. तू आणि जावईबापू ऑफिसात असता, दिवसभर घर सांभाळतात त्या. शाळा चालू असताना त्यांना दुपारी तीन तास आडवं व्हायला मिळायचं, ते आता गेलं. याचा कुणी विचारच करत नाही बघ. एक वाजता सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि दोन ते चार घरात शांतता, हा नियम आजीच्या नावानं कर. झोपायची सक्ती नाही. वाचा, चित्र काढा, पत्ते लावा, पण आवाज नाही आणि आजीला हाक नाही. मुलांना कारण सांगितलं की ती पाळतात. ‘आजीचे गुडघे दुखतात, तिला पडू द्यायचं’ हे सात वर्षांच्या मुलीला चांगलं कळतं.

मोबाइलचं बोलूया, कारण तुझा खरा राग तिथे आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये सांगून ठेवलंय की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त पडदा नको आणि पाच ते दहाच्या मुलांना दोन तासांच्या आत. थोरला त्या वयाच्या पुढे गेला असला तरी त्यालाही हीच मर्यादा धर. पण तास मोजत बसणं आईला जमत नाही, आणि आजीला तर नाहीच. म्हणून जागा ठरव. फोन हॉलमध्येच बघायचा, सगळ्यांच्या देखत. जेवताना नाही, झोपायच्या खोलीत नाही. रात्री चार्जिंगला सगळे फोन एकाच ठिकाणी, त्यात तुमचे दोघांचेही. हे शेवटचं जावईबापूंना आवडणार नाही, तरी सांग. बाबा पलंगावर रील बघत असतील तर अकरा वर्षांचा पोरगा का ऐकेल?

मग ते प्रसिद्ध वाक्य येणार. ‘आई, कंटाळा आला.’ छोटे, या वाक्याला घाबरू नकोस. आपल्याला वाटतं, मुलाला कंटाळा आला म्हणजे आई कमी पडली, लगेच काहीतरी पुढ्यात ठेवलं पाहिजे. अजिबात नाही. ‘बरं, येऊ दे’ एवढंच म्हण आणि आपलं काम कर. पहिल्यांदा चिडचिड होईल, मग भांडण होईल, मग अर्ध्या तासानं कुठूनतरी चादर आणि खुर्च्या जमवून घर बांधलं जाईल. त्या अर्ध्या तासात तू मध्ये पडलीस की ते घर बांधलं जात नाही. तू फक्त सामान हाताशी ठेव. खालच्या कपाटात रद्दी, कात्री, डिंक, खडू, सुतळी, रिकामी खोकी, पत्त्यांचा कॅट. वरच्या फळीवर ठेवलेलं सामान मुलांच्या उपयोगाचं नसतं, कारण दर वेळी मागावं लागतं.

पत्त्यांचं मी मुद्दाम म्हणतेय. धाकटीला बदाम सात शिकव. सत्तीच्या वर अठ्ठी, खाली छक्की, असं लावता लावता मुलांचा आकड्यांचा क्रम पक्का होतो, आणि हातातलं पान अडवून ठेवून दुसऱ्याला रडवायची मजाही कळते. थोरल्याला मेंढीकोट. त्यात जोडीदार लागतो, कोणती पानं गेली ते लक्षात ठेवावं लागतं, आणि हरल्यावर जोडीदारावर ओरडायचं नसतं. आजीला हुकूम सांगायला बसव, बघ कशी रंगते. नवा व्यापारचा डबा माळ्यावर असेल तर तोही काढ.

वाचायला लावायचं म्हणून वाचायला लावू नकोस, पुस्तकं नुसती पसरून ठेव. थोरल्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दे, तो पुण्याच्या शाळेतला आणि सायकलवेडा. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे दोघांनाही चालेल. धाकटीला माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं, त्यांतली चित्रं बघत ती तास काढेल. आणि ‘किशोर’ आठवतं ना? बालभारती 1971 पासून काढतेय. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. आपण लहानपणी वाचलेला एखादा अंक सापडतो का ते मुलांना शोधायला लाव, तेवढ्यापुरता फोन हातात दिलास तरी चालेल.

शिबिरांबद्दल तू विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे. रोबोटिक्स, कॅलिग्राफी, झुंबा, वैदिक गणित अशी चार-चार शिबिरं लावून मुलांना सकाळपासून इकडून तिकडे पळवलं तर त्यांना परत शाळाच मिळते, फक्त तिची फी वेगळी. एकच निवड, आणि निवड म्हणशील तर पोहणं. सुट्टी आली की विहिरी, नद्या, धरणं इथे मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. काळीज हलतं. पोहता येणं हा छंद नाही, जीव वाचवणारी गोष्ट आहे. आपल्याला वाईला बाबांनी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकवलं, तशी विहीर ठाण्यात नाही. पण महापालिकेचे जलतरण तलाव आहेत, तिथे शिकवणारे असतात. बॅच लवकर भरतात, तेव्हा आजच चौकशी कर. आणि पोहायला आलं तरी मोठं माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे घरातला कायदा म्हणून सांग. इथे साताऱ्यात कृष्णेच्या घाटावरही मी हेच पाळते.

आता तुझ्याबद्दल. हे मी सगळ्यात जास्त सांगायला आलेय.

सुट्टी मुलांची असते आणि काम घरातल्या बायकांचं वाढतं. डब्याची एक वेळ जाते आणि त्याजागी खाण्याच्या सात वेळा येतात. भांडी दुप्पट, पसारा तिप्पट, आणि ऑफिसला तर उन्हाळ्याची सुट्टी नसते. म्हणून मुलांची दिनचर्या बसवताना घराची कामंही वाटून घे, नाहीतर जूनमध्ये मुलं ताजीतवानी आणि तू आजारी अशी गत होईल. स्वयंपाकघरात एक खालची फळी मुलांची कर. चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गूळ, केळी, कलिंगडाच्या फोडींचा डबा फ्रिजमध्ये. मधल्या वेळची भूक तिथूनच भागवायची, विचारायला यायचं नाही, आणि संपलं की संपलं. पन्ह्याचा गर आठवड्यातून एकदा करून ठेव, पाणी घालून थोरला आपलं आपण ढवळून घेईल. कोकम सरबताची बाटली आहेच. खाऊन झालेली ताटली आपली आपण घासायची, दोघांनीही. मुलगा म्हणून थोरल्याला सूट नाही.

अकरा वर्षांच्या मुलाला कुकर लावता आला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण गॅसपाशी या सुट्टीत तू जवळ उभी राहा. शनिवार-रविवारी शिकव. मधल्या दिवसांत आजी झोपलेली असताना गॅस पेटवायचा नाही, दार अनोळखी माणसाला उघडायचं नाही, तुझा आणि बाबांचा नंबर तोंडपाठ हवा, आणि अडचणीत 112 लावायचा. धाकटीलाही पाठ करून घे.

जावईबापूंच्या वाट्याला सकाळ दे. मुलं उठली की त्यांना घेऊन तलावपाळीला चक्कर, किंवा येऊरच्या बाजूला रविवारी. तेवढ्या तासात तू चहा पी, पेपर वाच, काही करू नकोस. तो म्हणेल मला जमत नाही. आठ दिवस गेला की त्यालाच चटक लागेल, कारण सकाळी मुलं जे बोलतात ते दिवसभरात कधी बोलत नाहीत. आणि सोसायटीतल्या दोन-तीन आयांशी बोलून दुपारच्या पाळ्या लाव. आज चार मुलं तुझ्याकडे, उद्या तिच्याकडे. सासूबाईंना आठवड्यातून दोन दुपारी पूर्ण मोकळ्या मिळाल्या तर त्या जूनपर्यंत हसतमुख राहतील.

वाळवणाचं विचारत होतीस, फ्लॅटमध्ये एवढा घाट घालू का. सगळं नको, पण कुरडया कर. मुलांना चार-पाच दिवसांची एक गोष्ट सलग बघायला मिळते, तशी आता दुसरीकडे कुठे मिळते? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. ते पाणी बदलायचं काम धाकटीचं. वास येतो म्हणून ती नाक धरेल, तरी करेल. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर खाली बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं. मग मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात चीक सोडून हाटायचा, गुठळी होता कामा नये. इथे पातेलं धरायला कुणीतरी लागेल, नवऱ्याला उठव. गरम गरम चीक वाटीत घेऊन वर तूप किंवा दूध-साखर, त्या एका वाटीसाठी मुलं पहाटे पाचला आपण होऊन उठतात. सोऱ्यातून कुरडई पाडायला थोरल्याला जोर लावू दे, वाकड्या आल्या तर येऊ देत, तळल्यावर कोण बघतंय. एक किलो गहू पुरे. बारा ते तीन सोडून बाकी वेळ गच्चीवर कावळे हाकलायला दोघांना पाळीपाळीनं बसव, डोक्याला टोपी आणि शेजारी पाण्याची बाटली देऊन, सावलीत. कुणाला गरगरलं, डोकं दुखलं तर लगेच आत आणून पडायला लाव आणि ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घोट घोट पाज. मापात चूक नको, मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो.

अभ्यासाचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात फार नाहीच. व्यवसायमाला, पुस्तिका, पुढच्या वर्षाची आगाऊ पुस्तकं, काही नको. दोघांनी आठवड्याला एक पत्र वाईला आजी-आजोबांना लिहायचं, पोस्टकार्डावर. आणि भाजीच्या हिशोबाची वही थोरल्याकडे. बाजारात तो पैसे देईल, परतीचे मोजून घेईल, रात्री लिहील. बास.

जूनच्या पहिल्या तारखेपासून मात्र हळूहळू वळायला लाग. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. आदल्या रात्री एकदम लवकर झोपवलं तर कुणी झोपत नाही. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण, सकाळीही आणि रात्रीही, म्हणजे दहा-बारा दिवसांत न भांडता जुन्या वेळेवर येतील. गणवेश आणि बूट पहिल्याच आठवड्यात घालून बघ, मुलं दीड महिन्यात वाढतात आणि चौदा तारखेला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रेनकोटच्या शिवणी पाण्याखाली धरून तपास. धाकटीला यंदा नवी बाई असणार, तिच्या मनात धास्ती असेल, तर शाळेवरून एक-दोनदा संध्याकाळी सहज चक्कर मारून आण.

राहिलं आमच्याकडे पाठवायचं. साताऱ्याला चार दिवस आणि मग वाईला आई-बाबांकडे आठ दिवस, असं मी मनात धरलंय. एसटीनं येऊ देत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं, म्हणजे तू सोडायला आलीस तरी फार पडत नाही. परत पोचवायला बाबा तयार आहेत, पंचाहत्तरी झाल्यापासून त्यांना एसटी फुकट आहे आणि ते कारण शोधतच असतात. तुझे भावोजी म्हणाले, पसरणीच्या घाटात करवंदं आलीत, मुलांना घेऊन जातो. इथे दिवसभर पोरं अंगणात असतात, चुलत-मावस मिळून सहा, त्यामुळे कपडे जुने दे, चप्पल जुनी दे आणि दिवसातून एकदाच फोन कर. रात्री आठला. दुपारी केलास की धाकटी रडते आणि मग तासभर समजूत काढावी लागते. तिला झोपताना कोणती चादर लागते आणि थोरल्याला कशाची ॲलर्जी आहे ते मात्र कागदावर लिहून दे, आई विसरते.

आणि ते बारा दिवस तू घर आवरायला वापरू नकोस. सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं ना? पाठव त्यांना. तू आणि तो नाटक बघा, बाहेर जेवा, रविवारी साडेनऊपर्यंत झोपा. तारखा मला शुक्रवारपर्यंत कळव, मेमध्ये गाड्यांना गर्दी असते, आरक्षण आधी केलेलं बरं. मुलं यायच्या आधी आमच्या वरच्या खोलीतला कुलरही दुरुस्तीला टाकायचाय.